अर्धकच्च्या स्फटिकांचा उजेड

२००० साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या अमेरिकी नियतकालिकात ब्राझीलमधल्या संशोधकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. पिझानी, लेइते, लोंगो, वरेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम, शिसे आणि स्ट्रॉन्शियम यांची टायटनेटे, म्हणजे टायटॅनियम आणि ऑक्सिजनबरोबरची संयुगे, तयार केली होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात हे तिन्ही पदार्थ जुने, ओळखीचे. पण या मंडळींनी तपासलेले नमुने भट्टीत पुरते भाजलेले नव्हते. अणू आपापल्या जागी नीट बसायच्या आतच ते बाहेर काढले होते. त्यांच्यावर लेसरचा झोत पडला, तेव्हा खोलीच्या साध्या तापमानाला त्यांतून भरपूर दृश्य प्रकाश बाहेर पडला. हेच पदार्थ पूर्ण भाजून त्यांचे चांगले स्फटिक होऊ दिले की तो प्रकाश नाहीसा होत असे.

कमी तापमानाच्या रासायनिक रीतीने टायटनेट बनवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत असा अर्धकच्चा टप्पा येतच होता. तो मधला मुक्काम मानला जाई आणि नमुना पुन्हा भट्टीत जाई. मग त्यातला उजेड दिसायला विसावे शतक संपत का यावे लागले? आणि तो दिसल्याने नेमके काय बदलले? याचे उत्तर समजून घ्यायचे तर या पदार्थांच्या जन्मकथेपासून सुरुवात करावी लागते.

उरल पर्वतातला दगड

१८३९ साली बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्टाफ रोझे यांनी उरल पर्वतातून आलेल्या एका गडद, चकाकत्या खनिजाचे वर्णन केले. रोझे यांना तो मुलूख परका नव्हता. दहा वर्षांपूर्वी, १८२९ मध्ये, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्याबरोबर त्यांनी रशियाचा लांबचा प्रवास केला होता. नवे खनिज कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे बनलेले होते. रशियन सरदार आणि खनिजांचे शौकीन संग्राहक लेव्ह पेरोव्स्की यांच्यावरून त्याचे नाव पेरोव्स्काइट पडले.

पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे ते संग्रहालयाच्या कपाटात शोभणारे एक खनिज एवढेच राहिले. क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावता येऊ लागले, तेव्हा चित्र पालटले. १९२६ साली ऑस्लोमध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी अणूंच्या आकारांचे गणित मांडले आणि कोणकोणते धातू एकत्र आले तर अशी रचना टिकेल याचा साधा निकष दिला. तेव्हापासून पेरोव्स्काइट हे एका खनिजाचे नाव न राहता पदार्थांच्या अख्ख्या कुळाचे नाव झाले.

या कुळाची घडण ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. एक घन डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर मोठ्या धातूचे अणू: बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा शिसे. घनाच्या केंद्रात टायटॅनियमचा छोटा अणू. सहा बाजूंपैकी प्रत्येकीच्या मध्यावर एकेक ऑक्सिजन. म्हणजे प्रत्येक टायटॅनियमला सहा ऑक्सिजनांचा वेढा असतो आणि त्यातून एक अष्टफलक तयार होतो. असे अष्टफलक टोकाला टोक जोडून स्फटिकभर पसरलेले असतात. पृथ्वीच्या पोटात खोलवर सर्वाधिक प्रमाणात असलेले खनिजही याच घडणीचे आहे.

अभ्रकाची चणचण

पेरोव्स्काइटला संग्रहालयातून कारखान्यात आणले ते दुसऱ्या महायुद्धाने. रेडिओ आणि रडारमध्ये विद्युतभार साठवणारे कपॅसिटर लागत आणि चांगल्या कपॅसिटरसाठी अभ्रकाचे पातळ पापुद्रे लागत. जगातल्या उत्तम अभ्रकाचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातून, तेव्हाच्या बिहारमधल्या कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यातून जात असे. युद्धाच्या काळात मागणी कैकपट वाढली आणि समुद्रमार्गांवर जर्मन पाणबुड्या टपून होत्या. अभ्रकाला पर्याय शोधणे हे तेव्हा युद्धाचेच एक काम झाले.

अमेरिकेत टायटॅनियम अलॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतले वेनर आणि सॉलोमन, जपानमध्ये ओगावा आणि मॉस्कोत वुल आणि गोल्डमन असे तीन देशांतले लोक एकमेकांचा पत्ता नसताना १९४२ ते १९४५ च्या दरम्यान एकाच पदार्थापाशी पोहोचले. तो पदार्थ म्हणजे बेरियम टायटनेट. भार साठवण्याच्या क्षमतेच्या मापावर अभ्रकाचा आकडा सहा-सातच्या घरात असतो, तर याचा हजाराच्या वर निघाला. १९४५ साली हेलन मेगॉ यांनी ‘नेचर’मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. दिवे बनवणाऱ्या फिलिप्सच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत त्या तेव्हा काम करत होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्थर फॉन हिपल यांच्या गटाने दाखवले की या पदार्थात विद्युतध्रुव आपोआप तयार होतात आणि बाहेरून विद्युतदाब देऊन ते उलटे करता येतात. टायटॅनियमचा अणू केंद्रापासून जरासा सरकतो, त्याचा हा परिणाम.

युद्ध संपले, पण बेरियम टायटनेटचे राज्य टिकले. आज आपल्या खिशातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये या पदार्थाचे कपॅसिटर शेकड्यांनी असतात. या यशाने संशोधकांच्या हाताला एक वळण लावले. अणूंची मांडणी जितकी बिनचूक, तितका पदार्थ चांगला, असा निकष ठरला. भट्टीचे तापमान वाढवायचे, स्फटिक नीट होऊ द्यायचे आणि मग मोजमाप करायचे. भट्टीतून आधी काढलेला नमुना म्हणजे अपुरे काम.

चमकणारा, पण अंधारा

उजेडाच्या बाबतीत टायटनेटांकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. स्ट्रॉन्शियम टायटनेटचे घ्या. १९५० च्या दशकात त्याचे मोठे, पारदर्शक स्फटिक कृत्रिमरीत्या वाढवता येऊ लागले आणि ‘फॅब्युलाइट’ या नावाने ते हिऱ्याला पर्याय म्हणून अंगठ्यांत बसले. पांढऱ्या प्रकाशातले रंग फोडून दाखवण्यात ते खऱ्या हिऱ्याला चौपटीहून जास्त मागे टाकत. पण ती चमक बाहेरून आलेल्या प्रकाशाची होती.

पदार्थ स्वतः प्रकाश देतो तेव्हा काय घडते? बाहेरून ऊर्जा मिळाली की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उचलला जातो आणि खाली एक रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत परतला की सुटलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडू शकते. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये असा इलेक्ट्रॉन उचलायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे साधारण ३९० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. पण नीट लागलेल्या स्फटिकात उचललेला इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा एकमेकांपासून दूर भटकतात आणि साध्या तापमानाला त्यांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जिरते. द्रवरूप हेलियमने स्फटिक अतिशय थंड केला तर हिरवट प्रकाश दिसतो, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी प्रसिद्ध झाले होते. तापमान वाढले की तो विझत जाई. दिवा म्हणून असा पदार्थ काय कामाचा?

टायटनेटातून प्रकाश मिळवायचा एक मार्ग मात्र माहीत होता. त्यात दुसऱ्या धातूचे थोडे अणू पेरायचे. प्रासिओडिमियम मिसळलेले कॅल्शियम टायटनेट शुद्ध लाल प्रकाश देते. पण तिथे प्रकाश देणारा पाहुणा अणू असतो आणि टायटनेट फक्त त्याला जागा देते. यजमान स्वतःहून उजळेल अशी आशा कुणी धरली नव्हती.

विस्कळीतपणाला मान मिळतो

दरम्यान भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या दालनात मोठी उलथापालथ चालू होती. १९५८ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फिलिप अँडरसन यांनी दाखवले की पदार्थातली अणूंची मांडणी पुरेशी विस्कळीत असेल, तर इलेक्ट्रॉन पदार्थभर फिरू शकत नाही आणि एका जागी अडकून राहतो. केंब्रिजच्या नेव्हिल मॉट यांनी हा विचार काचेसारख्या अस्फटिकी पदार्थांपर्यंत नेला. १९७७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल या दोघांना जॉन व्हॅन व्लेक यांच्यासह मिळाले. विस्कळीत पदार्थ हा अभ्यासण्याजोगा विषय आहे, यावर त्यामुळे शिक्कामोर्तब झाले.

दुसरा धागा आकाराचा. १९८१ साली लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह यांनी काचेत तांब्याच्या क्लोराइडचे नॅनोमीटरच्या मापाचे कण वाढवले आणि कणांच्या आकाराप्रमाणे ते शोषत असलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो हे दाखवले. १९८३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये लुई ब्रुस यांना हाच परिणाम द्रवात तरंगणाऱ्या कणांत आढळला. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना आणि मुंगी बावेंडी यांना याच कामासाठी देण्यात आले.

खरा धक्का बसला तो १९९० मध्ये. सिलिकॉन हा इलेक्ट्रॉनिक्सचा राजा, पण प्रकाश देण्यात अगदीच दुबळा. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या सरकारी प्रयोगशाळेत ली कॅनहॅम यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या साहाय्याने सिलिकॉनला नॅनोमीटरच्या मापाची छिद्रे पाडली आणि असा सच्छिद्र सिलिकॉन डोळ्यांना सहज दिसेल इतका लालसर उजळला. विशेष म्हणजे सच्छिद्र सिलिकॉन काही नवा नव्हता. बेल लॅबोरेटरीजमध्ये तो १९५६ सालीच तयार झाला होता. सिलिकॉन गुळगुळीत करण्याच्या खटाटोपात मिळालेला तो नको असलेला थर होता. चौतीस वर्षे तो प्रयोगशाळांत होता आणि त्याच्या उजेडाकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

कॅनहॅम यांच्या निबंधानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापले ‘अंधारे’ पदार्थ पुन्हा बाहेर काढले. टायटनेटांवरही नजर गेली. १९९५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी बेरियम आणि शिशाच्या टायटनेटांच्या नॅनोस्फटिकांतून दृश्य प्रकाश मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाचे ब्लासे आणि त्यांचे सहकारी यांनी टायटनेटाचे उजळणे त्याच्या स्फटिकरचनेवर कसे अवलंबून असते याचा आढावा घेतला. टायटॅनियम-ऑक्सिजनचे अष्टफलक एकमेकांशी किती आणि कसे जोडलेले आहेत, यावर बरेच काही ठरते, असे त्यातून दिसत होते. आता जोडणीच मोडलेला नमुना कुणीतरी तपासायला हवा होता.

साओ कार्लोसची भट्टी

साओ कार्लोस हे ब्राझीलच्या साओ पावलो राज्याच्या आतल्या भागातले शहर. इथल्या संघीय विद्यापीठात १९७० साली मटेरियल्स इंजिनिअरिंगचा देशातला पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. एल्सन लोंगो यांच्या गटाचे सिरॅमिक्सचे काम इथे उभे राहिले. शेजारच्या अराराक्वारामधल्या राज्य विद्यापीठातले जोझे वरेला त्यांचे जोडीदार होते. हा गट एकीकडे पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांच्या अस्तरांवर काम करत होता, तर दुसरीकडे टायटनेटांचे अतिपातळ थर बनवत होता. संगणकाच्या स्मृतीत लहानात लहान जागेत जास्तीत जास्त भार साठवायला असे थर लागणार होते आणि १९९० च्या दशकात त्यासाठी जगभर चढाओढ होती.

या चढाओढीने एक तांत्रिक अट घातली होती. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचे कार्बोनेट आणि टायटॅनियम ऑक्साइड यांची भुकटी एकत्र करून हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजायची, ही टायटनेट बनवण्याची जुनी रीत. सिलिकॉनच्या चकतीवर बसवलेल्या नाजूक थराला एवढी आच सोसत नाही. म्हणून कमी तापमानाची रासायनिक वाट हवी होती. ती १९६७ पासून उपलब्ध होती. अमेरिकेतल्या स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीच्या माजियो पेकिनी यांनी तिचे पेटंट घेतले होते आणि तेही कपॅसिटरसाठीच.

साओ कार्लोसच्या गटाने ही रीत हातात घोळवून पक्की केली. तिचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. लिंबाला आंबटपणा देणारे सायट्रिक आम्ल पाण्यात घ्यायचे आणि त्यात टायटॅनियमचे संयुग विरघळवायचे. आम्लाचे रेणू धातूच्या अणूंना चहूबाजूंनी धरून ठेवतात, त्यामुळे साका तळाशी बसत नाही. मग स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमचा क्षार घालायचा. त्यात इथिलीन ग्लायकॉल ओतून मिश्रण ढवळत तापवले की आम्ल आणि ग्लायकॉल यांच्या लांब साखळ्या तयार होतात, पाणी उडून जाते आणि भांड्यात चिकट, दाट पाक उरतो. धातूचे अणू त्या साखळ्यांत हव्या त्या प्रमाणात विखुरलेले असतात. हा पाक चकतीवर पातळ पसरला तर थर मिळतो. तीन-चारशे अंशांना तापवला तर तो फुगून काळपट, ठिसूळ होतो आणि खलात सहज कुटला जातो. ही भुकटी हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये आणखी तापवली की कार्बन जळून जातो आणि रंग उजळतो. पदार्थाप्रमाणे साधारण ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान अणू रांगेत बसतात आणि पेरोव्स्काइट तयार होतो.

जुन्या रीतीत हा मधला टप्पा हाताला लागतच नसे. दोन भुकट्या एकमेकींशी जुळल्या की एकदम स्फटिकच मिळे. पेकिनीच्या रीतीत मात्र सर्व धातू योग्य प्रमाणात आहेत, पण स्फटिक अजून झालेला नाही, अशा अवस्थेत पदार्थ थांबवता येतो. तापमानाची एकेक पायरी चढत प्रत्येक पायरीवर नमुना काढता येतो. हेच साओ कार्लोसच्या हाती असलेले साधन होते.

या गटाच्या कामात आर्गॉन लेसरचा ४८८ नॅनोमीटरचा निळा झोत वारंवार वापरला गेला. या आकड्यातच एक महत्त्वाची खूण दडली आहे. त्या झोताची ऊर्जा सुमारे २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन उचलायला लागतात ३.२. म्हणजे नीट स्फटिक हा निळा प्रकाश शोषणारच नाही, तो आरपार जाऊ देईल. अर्धकच्चा नमुना मात्र तो शोषत होता आणि हिरव्यापासून तांबूसपर्यंत पसरलेला रुंद पट्टा परत देत होता. याचा अर्थ उघड होता. स्फटिकात ज्या ऊर्जापातळ्या नसतात, त्या या विस्कळीत पदार्थात होत्या.

पाच ऑक्सिजनांचे टायटॅनियम

या पातळ्या येतात कुठून? क्ष-किरणांच्या शोषणाच्या मोजमापांतून आणि स्पेनमधल्या कास्तेयोनच्या जाउमे प्रथम विद्यापीठातले हुआन आंद्रेस यांच्यासह केलेल्या संगणकीय गणितांतून पुढच्या काही वर्षांत उत्तर आकाराला आले. विस्कळीत नमुन्यात सगळ्या टायटॅनियमना सहा ऑक्सिजनांचा वेढा नसतो. काहींच्या वाट्याला पाचच येतात. सहांचा अष्टफलक आणि पाचांचा पिरॅमिड शेजारी शेजारी आले की त्यांच्यातला विद्युतभार सारखा राहत नाही. एका बाजूला इलेक्ट्रॉन अडकतो, तर दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. गुळगुळीत रस्त्यावरून पावसाचे पाणी वाहून जाते आणि खड्डे असले की जागोजागी साचते, तसेच हे. अडकलेला इलेक्ट्रॉन दूर भटकत नाही. आपली रिकामी जागा त्याला शेजारीच सापडते आणि परतताना तो प्रकाश देतो.

पुढच्या प्रयोगांतून आणखी एक बारकावा समोर आला. पदार्थ जितका विस्कळीत, तितका उजेड जास्त, असे सरळ गणित नाही. अगदी सुरुवातीच्या, काहीच जुळले नसलेल्या अवस्थेत प्रकाश क्षीण असतो. तापमान वाढवत गेले की तो वाढत जातो, एका टप्प्यावर शिखर गाठतो आणि पूर्ण स्फटिक झाल्यावर मावळतो. पाचांचे आणि सहांचे गट एकत्र नांदतात तेव्हाच उजेड सर्वाधिक असतो. थोडी शिस्त आणि थोडा विस्कळीतपणा, दोन्ही लागतात.

या स्पष्टीकरणावर शंका घ्यायला जागा होती. पाकातला सेंद्रिय कार्बन पुरता जळला नसेल आणि प्रकाश त्याचा असेल तर? सेंद्रिय अवशेष लेसरखाली उजळतात, हे कुठल्याही रसायनशाळेत माहीत असते. नॅनोकणांच्या आकाराकडेही काहींनी बोट दाखवले. पण सलग अस्फटिकी थरही उजळत होते, त्यामुळे सगळे श्रेय आकाराला देणे अवघड होते.

यावर सर्वांत बोलका पुरावा आला तो क्योटोहून. २००५ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये क्योटो विद्यापीठाच्या दाइसुके कान, योशिहिको कानेमित्सु, युइची शिमाकावा, मिकिओ ताकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांच्याकडे स्ट्रॉन्शियम टायटनेटचा उत्तम, अखंड स्फटिक होता. त्यावर त्यांनी आर्गॉनच्या आयनांचा मारा केला. पृष्ठभागापासून सुमारे २० नॅनोमीटर खोलीपर्यंत काही ऑक्सिजन निघून गेले आणि साध्या तापमानाला तो स्फटिक निळा उजळला. इथे ना पाक होता, ना कार्बन, ना भुकटी. स्फटिकाच्या रचनेत मुद्दाम खोट केली होती आणि उजेड त्या खोटीतून आला होता. इतकेच नाही, तर चिप बनवताना वापरतात त्या मुखवट्याच्या तंत्राने स्फटिकाच्या हव्या त्या भागावरच मारा करून त्यांना प्रकाशाची हवी ती आकृती काढता आली.

क्योटोचा निळा आणि साओ कार्लोसचा पिवळसर हिरवा प्रकाश यांची अंतर्गत यंत्रणा तंतोतंत एक नाही. ऑक्सिजनची कमतरता, पृष्ठभाग आणि मांडणीतली मोडतोड यांचे वाटे ठरवणे हे तज्ज्ञांचे काम अजून चालू आहे. पण टायटनेटाचा उजेड त्याच्या उणिवांमध्ये आहे, हे मूळ विधान दोन खंडांत, दोन विरुद्ध वाटांनी पक्के झाले.

काय साधले, काय राहिले

या शोधातून घराघरांत पोहोचलेला दिवा निघाला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. १९९० च्या दशकातच गॅलियम नायट्राइडचा निळा एलईडी आला आणि त्यावर पिवळा फॉस्फर चढवून मिळणारा पांढरा प्रकाश बाजारात स्थिरावला. अर्धकच्च्या टायटनेटाचा प्रकाश रुंद पट्ट्याचा असतो. भट्टीच्या तापमानात जरा फरक पडला तरी त्याची तीव्रता बदलते. कारखान्याला दर वेळी सारखाच माल लागतो आणि अशा चंचल गुणाचे तिथे निभत नाही.

तरीही हाती लागले ते थोडके नाही. दुर्मीळ मृदा धातूंवाचून, साध्या आणि स्वस्त मूलद्रव्यांपासून प्रकाश मिळू शकतो हे दिसले. हे ऑक्साइड हवेत, दमटपणात, उष्णतेत टिकतात. संशोधनाच्या रीतीतही फरक पडला. भट्टीतून टप्प्याटप्प्याने नमुने काढून प्रत्येकाचा प्रकाश मोजणे हे पदार्थातली अणुरचना किती जुळली आहे, हे ओळखण्याचे साधन झाले. २००८ च्या सुमारास साओ कार्लोसच्या गटाने मायक्रोवेव्हच्या साहाय्याने बंद भांड्यात, कमी तापमानाला, थोड्या वेळात बेरियम टायटनेटचे उजळणारे नॅनोकण बनवले आणि पुढे अशा कामांसाठी घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनही बदल करून वापरले. स्फटिकांत दोष किती ठेवायचे, कुठे ठेवायचे, हे आता योजून ठरवले जाऊ लागले.

त्याच सुमारास पेरोव्स्काइट कुळाची दुसरी शाखा पुढे आली. ऑक्सिजनच्या जागी क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन असलेल्या या हॅलाइड पदार्थांपैकी सीझियम आणि शिशाची संयुगे १८९३ पासून नोंदलेली होती. ती पेरोव्स्काइट घडणीची आहेत हे १९५८ मध्ये कोपनहेगनमध्ये कळले आणि तरी ती पडूनच राहिली. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने अशा पेरोव्स्काइटचा सौर घट केला, २०१४ मध्ये केंब्रिजच्या गटाने साध्या तापमानाला चालणारा एलईडी केला आणि २०१५ मध्ये झुरिकमध्ये मॅक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने अतिशय चोख रंग देणारे नॅनोस्फटिक बनवले. यांचा गुण वेगळा आहे. यांच्या रचनेत दोष असले तरी प्रकाश फारसा कमी होत नाही. ऑक्साइडांच्या कामातून हा शोध जन्मला असे म्हणता येणार नाही. पण दोषांशी कसे वागायचे, हा प्रश्न दोन्ही शाखांनी एकाच पिढीत ऐरणीवर आणला. तेजाच्या शर्यतीत हॅलाइड शाखा कितीतरी पुढे गेली. शिसे आणि दमटपणा या तिच्या अडचणी मात्र अजून सुटलेल्या नाहीत.

सच्छिद्र सिलिकॉन १९५६ ते १९९० पडून होता. सीझियम-शिशाचे पेरोव्स्काइट शतकाहून जास्त काळ पडून होते. टायटनेटाचा अर्धकच्चा टप्पा तर जगभरच्या भट्ट्यांत वर्षानुवर्षे येऊन जात होता. तिन्ही वेळा पदार्थ हाताशी होता आणि तपासायची साधनेही बरीचशी होती. नव्हता तो प्रश्न. कपॅसिटरसाठी बनवलेल्या पदार्थाला भार साठवण्याबद्दल विचारले गेले आणि त्याने तेवढ्याचेच उत्तर दिले. उपयोग आधी ठरला की काय मोजायचे तेही ठरते आणि बाकीचे गुण नजरेआड राहतात. साओ कार्लोसच्या मंडळींचे मोठेपण मला यात दिसते, की त्यांनी काम अपुरे असतानाच्या नमुन्यालाही पूर्ण नमुन्याइतक्याच काळजीने मोजले. त्यासाठी त्यांना लागले ते सायट्रिक आम्ल, इथिलीन ग्लायकॉल, भट्टी, लेसर आणि वर्णपटमापक. आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ही सामग्री आजही असते. तिथल्या विद्यार्थ्यांनी नमुना शेवटच्या तापमानाला नेण्याआधी त्याच्यावर एकदा प्रकाश टाकून पाहायची सवय लावून घेतली, तर या इतिहासाचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.